भुरीचा फडका

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही, बाबांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हीही म्हणाला असता — ती? ती तर किती शांत मुलगी! शांत मुलगी खोटं बोलत असेल असं कोणाच्या मनातच येत नाही. त्याचा मला फार उपयोग झाला.

कुठून सुरू करू? मांजरीपासूनच करते.

आम्ही नागपूरला प्रताप नगरात राहायचो. मी नववीची परीक्षा दिली होती, इंग्रजी शाळेत. शाळेत मी बोलायची नाही, घरीही फारशी नाही. जे काही बोलायचं ते डेझीशी — आणि तेही इंग्रजीत. डेझी माझी मांजर. पांढरी, तोऱ्याची, माझ्याखेरीज कोणाच्या हाताला न लागणारी. याचा मला अभिमान होता. मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय माझ्याजवळ?

त्या उन्हाळ्यात विमलआत्या आमच्याकडे कायमची राहायला आली. बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे काका, कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं, क्वार्टर सोडावं लागलं. एक ट्रंक, एक वळकटी आणि सुतळीनं तोंड बांधलेली एक टोपली, एवढं घेऊन ती रिक्षातून उतरली. टोपलीत भुरी होती. म्हातारी मांजर, एक सुळा पडलेला, रंग थेट राखेचा.

"ही जन्माची भुरी, का कोराडीच्या राखेनं झाली?" बाबांनी चिडवलं.

"आंघोळ घालून पाह्य न गा," आत्या म्हणाली. "तुही कातडी निघंन, तिचा रंग नाही निघत."

बाबा खो खो हसले. आणि हसता हसता "मले" म्हणून गेले. आई पुण्याकडची. आमच्या घरात "मला" म्हणायचं, "काहून" नाही, "का" म्हणायचं. बाबांनी ते लग्नानंतर प्रयत्नानं शिकून घेतलं होतं. आत्या आली आणि ते प्रयत्न करेनासे झाले.

आई वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही दोष तिच्यावर टाकाल. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, तुम्ही हक्कानं राहा. मांजरीचं मात्र बघू. डेझीशी जमलं तर राहील. रोजची भांडणं मला झेपायची नाहीत. नाही जमलं तर बेसाला ह्यांच्या मित्राचं शेत आहे, तिथे सोडू." बेसा तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं.

आत्या जराही घाबरली नाही. तिला उपाय माहीत होता. भुरीला तिनं मागच्या खोलीत, दार लावून ठेवलं. आपल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा फाडला, भुरीच्या गालांवरून, मानेवरून, पाठीवरून फिरवला आणि माझ्या हातात दिला.

"मांजर डोळ्यानं नाही वळखत, नाकानं वळखते," ती म्हणाली. "हा फडका आता डेझीवर फिरव, अन् मले आणून दे. मी भुरीवर फिरवतो. रोज असं करायचं. वास एक झाला का मंग दोघी बहिणी. डेझी मले हात लावू देत नाही, म्हून हे काम तुह्याच हातचं आहे, पोट्टी."

पहिल्या दिवशी मी ते केलं. खरंच केलं. डेझीनं फडका हुंगला, अंग आक्रसलं आणि ती माझ्या मांडीवरून उतरून कपाटाखाली गेली. हाका मारल्या तरी आली नाही. माझ्या हाताला भुरीचा वास होता ना — तिनं मलाच परकं ठरवलं. मी साबणानं हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी शाळेतली एक मैत्रीण पुस्तक न्यायला आली. दार आत्यानं उघडलं. "ये वं, अंदर ये. काहून उन्हात उभी राहून राहिली?" मैत्रिणीनं कसंबसं हसू दाबलं. फाटकाबाहेर पोचवायला गेले तेव्हा तिनं आत्याची नक्कल केली — "काहून वं? काहून वं?" — आणि मी हसले. तिच्यापेक्षा मोठ्यानं हसले.

घरात आले तर आत्या फडका घेऊन उभी होती.

मी तो घेतला. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी गेले. डेझी तिथेच सावलीत पसरली होती. मी तिच्याकडे पाहत उभी राहिले — पुरेसा वेळ जाईपर्यंत. मग फडका आत नेऊन दिला.

"झालं?"

"हो."

किती सोपं होतं! त्यानंतर रोज तेच. आत्या दाराआडून भुरीशी बोलत असायची, मला ऐकू यायचं — "थांब न वं जराशी. पोट्टी करून राहिली न तुह्यासाठी." आणि पोट्टी अंगणात उभी असायची. मी काय विचार करत होते? असं वाटतं की काही नव्हतेच करत. पण ते खरं नाही. मी विचार करत होते की माझ्या डेझीला तो वास लागू नये. आमच्या घराला लागू नये. कोणता वास, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग एका सकाळी आत्या म्हणाली, आता दार उघडू. बाबा ऑफिसला जायचे थांबले. आईसुद्धा पदराला हात पुसत आली. आत्यानं दोन बशांत दूध-पोळी कुस्करून ठेवली, शेजारी शेजारी. भुरी हळूहळू बाहेर आली — शेपूट वर, निर्धास्त. पाहुणी म्हणून जेवायला आल्यासारखी. डेझी तिच्यावर तुटून पडली.

आधी मला कळलंच नाही काय होतं आहे. बशी फुटली. भुरीनं पंजादेखील उगारला नाही. बाबांनी डेझीला टॉवेलात धरून ओढलं तेव्हा भुरीचा कान फाटला होता आणि एका डोळ्यातून रक्त येत होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "फडका रोज फिरवलास ना?"

हीच ती वेळ. एवढंच म्हणायचं होतं — नाही, बाबा, पुन्हा पहिल्यापासून करू. रागावले असते, बस. भुरी खोलीत परत गेली असती, आणखी काही दिवस गेले असते. मी तोंड उघडणार तोच आत्या बोलली —

"तिले काहून विचारतो गा? पोट्टीनं एक दिवस चुकवला नाही. माह्याच मांजरीनं काही केलं असंन." मग ती भुरीजवळ खाली बसली. "काहून वं? म्हातारपणी अक्कल गेली का तुही? जमवून घ्याले नको?"

आणि मी म्हटलं, "हो बाबा. रोज फिरवला."

डोळा बरा झाल्यावर भुरीला बेसाला नेलं. बाबांच्या स्कूटरवर मागे आत्या, मांडीवर टोपली. परत आली तेव्हा टोपली रिकामी होती आणि ती तिनं स्वतःच माळ्यावर टाकली. पावसाळ्याआधीच शेतावरून निरोप आला की मांजर दिसत नाही. काही खात नव्हती, रस्त्याकडे तोंड करून बसायची, मग दिसेनाशी झाली. आत्या म्हणाली, "बरं." आणि कांदा चिरायला घेतला.

इथे संपलं असतं तरी मला पुरलं असतं. संपलं नाही.

काही दिवसांनी जेवताना आत्या म्हणाली, "वहिनी, मला थोडा भात." मला! मी ताटातून वर पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मग रोज एकेक शब्द. "काहून" गेलं, "का" आलं. "वं" गेलं. मला हाक मारताना ती "पोट्—" म्हणून थांबायची आणि "मुली" म्हणायची. चुकली तर जीभ चावायची, आणि पटकन आईकडे बघायची. ती आईकडे का बघते, हे आईला कधीच कळलं नाही. मला कळत होतं. ज्याचं जमत नाही त्याला या घरातून कुठे पाठवतात, ते तिनं पाहिलं होतं. टोपली तिच्याच मांडीवर होती.

बाबांचं "मले"ही पुन्हा गेलं. बहीण-भाऊ एकमेकांशी पुस्तकातल्यासारखं बोलू लागले, म्हणजे कमीच बोलू लागले. शाळेतल्या मैत्रिणी आल्या की आत्या आतल्या खोलीत जाऊन बसायची. मी म्हटलं नव्हतं तिला. थांबवलंही नाही.

आणि डेझी? वर्षभरानं डेझी आत्याच्या पायांशी झोपायला लागली. त्याच लुगड्यांच्या वासात. म्हणजे जमलं असतं. थोडा वेळ लागला असता, पण जमलं असतं.

आत्या मागच्या थंडीत गेली. आठ-दहा दिवस ताप होता, शुद्ध येत-जात होती. मी उशाशी बसलेली असायची. ती बरळायची — कोराडीचं क्वार्टर, काका, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख. मी वाट पाहत होते की आता तरी तिची खरी बोली येईल. एकदा तरी ती मला "पोट्टी" म्हणेल. मग मी सांगणार होते. असं मी ठरवलं होतं — की फक्त तेव्हाच ठरवल्याचं आठवतं आहे?

शेवटच्या दुपारी तिनं डोळे उघडले. ओठ सुकलेले होते. माझ्याकडे बघत, एकेक शब्द जपून म्हणाली —

"मुली, मला पाणी दे."

मी पाणी दिलं. बाकी काही बोलले नाही.