गप्प न बसणारा डबा

गाण्याचा डबा, म्हणजे स्पीकर, घेताना लोक आवाज गोड आहे का ते बघतात. मला गोडाशी काही देणंघेणं नव्हतं. मला बिबट्याच्या कानावर पडेल असा डबा हवा होता, आणि तोही माझ्या ऐपतीत बसणारा.

केजमध्ये माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माय गावाकडे एकटी राहते. वडील गेल्यापासून शेत तीच बघते आणि कुणाचं ऐकत नाही. दिवाळी झाली की आमच्याकडची धडधाकट माणसं ऊसतोडीला निघून जातात आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी ऐन भरात येते. त्यामुळे आजूबाजूच्या रानात चिटपाखरू नसतं. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. यंदा मात्र ओढ्याच्या काठावरून एकाचं वासरू गेलं, आणि थोड्याच दिवसांनी भरदुपारी एका गड्यानं बिबट्याला बांध उतरताना पाहिलं. वनखात्याची माणसं आली, ओढ्याजवळ पिंजरा लावला आणि सांगून गेली की एकट्यानं रानात जाऊ नका. जावंच लागलं तर गाणी लावून जा. माणसाची चाहूल लागली की तो वाट बदलतो. वाकलेल्या, बसलेल्या माणसाला जास्त धोका, हेही त्यांनी सांगितलं.

मी मायला म्हणाले, "कापूस राहू दी. माझ्याकडं चल केजला."

"आन् वेचायला कोन येईल, तुझा बिबट्या?"

संपला विषय. तिच्याकडे बटणांचा मोबाईल. त्यातून समोरचा माणूस नीट ऐकू आला तरी नशीब, त्याच्यावर गाणी काय लावणार? म्हणून मी दुकानाला कुलूप घालून बसस्टँडच्या रस्त्यावर मोबाईलवाल्याकडे गेले.

त्यानं काचेवर एकेक डबा मांडायला सुरुवात केली. "ताई, याचा बेस बघा. छातीत धडधड व्हतंय का न्हाई?"

धडधड मला आधीच होत होती. मी म्हटलं, "भाऊ, बेस नको. माणूस बोलल्यासारखा आवाज लांब जायला पाहिजे. तुमी हितं लावा, मी पलीकडं जाऊन ऐकते."

तो हसला. मी खरंच रस्ता ओलांडून रसवंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. एसटीचे हॉर्न, जीपवाल्यांची आरडाओरड, आणि त्यातून तो डबा. पहिल्याचं नुसतं धमधम पोचलं. माणसाचा आवाज पार बुडाला. त्याला बाद केलं. दुसरा चांगला होता, पण पदराखाली धरला की कोंडल्यासारखा व्हायचा. तिसऱ्याला रंगीत दिवे होते. दिवे कशाला हवेत? बिबट्याची वरात काढायची आहे का?

मग मी विचारलं, "सगळी गाणी संपल्यावर काय व्हतं?"

"म्हंजे?"

"म्हंजे शेवटचं गाणं झालं की हा गप बसतो का पुन्हा सुरू व्हतो?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या दृष्टीनं तर सगळा सौदा त्याच एका गोष्टीवर होता. मायचे हात कामात, लक्ष बोंडात. डबा कधी गप्प झाला हे तिला कळणारसुद्धा नाही. मी त्याला मेमरी कार्डात दोनच गाणी भरायला लावली आणि काउंटरला टेकून उभी राहिले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, कुणीतरी च्यक च्यक केलं, मी हलले नाही. पदराखाली कोंडणारा गाणी संपताच मुका झाला. त्यानं नवीन काढलेला एक थोडा वेळ वाट पाहून आपोआप बंदच पडला. आणि दिवेवाला, ज्याला मी नावं ठेवली होती, तो निमूटपणे पुन्हा पहिल्या गाण्यावर आला. वर बटणंही मोठी होती. मायची बोटं बोंडांच्या काट्यांनी चिरलेली असतात, बारीक बटण तिला दाबता येत नाही. घेतला तोच. घरी येऊन मलमलची पिशवी शिवली, म्हणजे दिवे झाकले जातील आणि आवाज अडणार नाही, आणि अस्तराच्या कापडाचा पट्टा लावला, गळ्यात अडकवायला.

आत काय भरायचं याचा मी विचारच केला नाही. माय माळकरी. नारायणगडाची वारी कधी न चुकवणारी. अभंगांशिवाय दुसरं काही तिच्या कानाला चालत नाही. दुकानदाराला सांगून कार्ड अभंगांनी गच्च भरून घेतलं. स्वतःवर खूश होते मी. इतकं पारखून कुणी डबा घेतला नसेल असं वाटत होतं.

रविवारी दुकान बंद ठेवून मी गावी गेले, वेचू लागायला आणि डब्याची खरी परीक्षा घ्यायला. मायनं पट्टा गळ्यात घातला. डबा बरोबर तुळशीच्या माळेशेजारी येऊन बसला. तिला आवडला. "आवाज लई खणखणीत हाय," म्हणाली. मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मधे कापसात तुरीचे उंच पट्टे, त्यामुळे एकमेकींचं डोकंही दिसत नव्हतं. पण अभंग स्वच्छ ऐकू येत होता. माय पुढे सरकली की तोही सरकायचा. मी वेचत होते आणि कान तिकडे लावून होते. हळूहळू मान मोकळी झाली, मीही गुणगुणायला लागले.

आणि अभंग मधेच तुटला.

संपला नाही, तुटला. ओळीच्या मधोमध. मी हात थांबवून वाट पाहिली. बॅटरी? पण रात्रभर चार्जिंगला लावलेला होता. कार्ड हललं असेल. मायचा हात लागला असेल. आत्ता लावील पुन्हा. नाही लावला.

"माय!"

काही नाही.

"ए माय!"

तुरीची पानं हलत होती. वाऱ्यानं हलत होती की कशानं, ते कळत नव्हतं. मी ओटीतला कापूस तिथंच टाकला आणि सरींमधून पळत सुटले. साडी पऱ्हाट्यांना अडकत होती, फाटत होती. पळता पळता हाका मारत होते. सगळ्यात वाईट म्हणजे ती ओ देत नव्हती. माय मैलावरून हाक मारली तरी ओ देणारी बाई. तिच्या टोकाला पोचले तर कापसाचं गाठोडं तसंच पडलेलं, पाण्याची बाटली नाही, आणि बांधावरच्या बाभळीला मलमलची पिशवी लटकलेली. आत डबा. दिवा विझलेला. मी बटण बघितलं. डब्याला काही झालं नव्हतं. तो कुणीतरी बंद केला होता.

मला रडू फुटलं. खाली वाकून दगड उचलला, हा एवढासा, आणि तुरीच्या दिशेनं भिरकावला. दुसरा उचलला. तेवढ्यात तुरीच्या पट्ट्यातलं एक खोड हललं आणि आतून माय बाहेर आली. एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातानं लुगडं सावरत. डोळे लाल करून माझ्याकडे बघत.

"दगडं कावून मारायलीस? डोकं फिरलं का तुझं?"

"वरडत व्हते मी! ओ द्यायला काय झालतं?"

"परसाकडं गेलते की. तिकडं बसल्यावर कुनी बोलतं व्हय?"

मी तिच्या अंगावर ओरडले, आयुष्यात ओरडले नव्हते तशी. डबा बंद का केला? बाभळीला का टांगला? वाकल्या-बसल्या माणसालाच तो धरतो हे सांगितलं होतं ना? जिथं सगळ्यात जास्त गरज, तिथंच बंद करून जातेस?

ती शांतपणे मातीनं हात चोळत म्हणाली, "द्येवाचं नाव गळ्यात घेऊन तसल्या कामाला बसू का मी?"

"मग माळ कशी चालती? माळ काढतीस का?"

"माळ गुमान ऱ्हाती. ह्ये बोलतं."

दुकानात रस्ता ओलांडून ऐकलं, पदराखाली ऐकलं, गाणी संपेस्तोवर उभी राहिले. एवढं सगळं पारखलं आणि आपली माय कोण हेच विसरले. गळ्यात देव अडकवला तर ती सोवळंओवळं पाळणारच. जेवताना पाळेल, परसाकडं जाताना पाळेल. दिवसातून जितक्या वेळा ती खाली बसेल, तितक्या वेळा हा डबा बाभळीवर जाऊन गप्प बसणार.

परतताना पाण्याच्या पाटाकडेला मऊ चिखलात ठसे दिसले. मोठे, गोल, नखांच्या खुणा नसलेले. वनखात्याच्या माणसानं मोबाईलवर फोटो दाखवला होता, अगदी तसेच. कडा सुकल्या होत्या, म्हणजे आजचे नव्हते. पण तिच्या त्या तुरीच्या पट्ट्यापासून ते चार पावलांवर होते. मी मायकडे पाहिलं. ती ठशांकडे बघतच नव्हती, आणि त्यावरूनच मला कळलं की तिनं ते आधी पाहिलेले आहेत.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगून? दुकान बंद करून हितं बसली असतीस."

त्या दिवशी घरी येऊन मी कार्ड रिकामं करायचं म्हणाले. अभंग नको, दुसरं काहीतरी भरू, जे घेऊन कुठंही बसता येईल. सिनेमाची गाणी म्हटली, तर तिचं डोकं दुखतं. लावण्या म्हटल्या, तर लाजेनं मलाच चापट मारली, "म्हातारपनी चेकाळली म्हनतील लोकं." रेडिओ लावून बघितला, आमच्या गावात नुसती खरखर. सोमवारी मला केजला जायचं होतं आणि सोमवारी तिला त्याच तुरीत जायचं होतं.

शेवटी तीच म्हणाली, "तुझंच बोलनं भर की. दिसभर तोंड चालूच असतंय."

"माझं?"

"मंग? तू काय द्येव न्हाईस. तुला घिऊन कुटंबी बसता येतं."

मी हसले, आणि हसताहसता पुन्हा डोळे भरून आले. रागही आला होता तिचा, खूप. तिथंच चुलीपुढे मोबाईल धरून बोलायला बसले आणि ते कार्डात भरलं. तेवढंच घेऊन ती सोमवारी रानात गेली. केजला गेल्यावर मशीनवर बसूनही बोलत राहिले. हुक लावताना, काज करताना, जे सुचेल ते. कुठल्या गिऱ्हाइकानं माप वाढवून सांगितलं, कोण मी अस्तर चोरलं म्हणून भांडली, जाऊ कशी वागली, सासूबाई काय म्हणाल्या. मधे मशीनचा आवाज, मधे गिऱ्हाइकाशी वाद. ऐकून बघितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. इतकी खेकसते मी? पण परीक्षा एकच होती. आवाज माणसाचा आहे का, लांब जातो का, मधे थांबतो का? थांबत नव्हता. दुसरं नवं कार्ड भरून ते ओळखीच्या जीपवाल्याबरोबर गावी पाठवून दिलं.

आता तरी जीव स्वस्थ बसावा की नाही? मशीन चालवताना मधेच पाय थांबायचा. दुपारी मायला फोन लावायचा तर ती रानात मोबाईल नेतच नाही. एकदा गिऱ्हाईक समोर असताना मला स्पष्ट वाटलं की आत्ता, या क्षणी, तिकडं काहीतरी झालं. ब्लाउज तसाच टाकला, गिऱ्हाइकाला काय सांगितलं तेही आठवत नाही, आणि मिळेल त्या जीपला लटकून गावी निघाले. वाटेत जीप प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मी ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या देत होते.

फाट्यावर उतरून शेताकडे जवळजवळ पळतच गेले. बांधावर पोचले तर तुरीतून माझाच आवाज येत होता. कुणाच्या तरी बाह्यांवरून मी तावातावानं बोलत होते. मी बाभळीला धरून उभी राहिले. माय दिसत नव्हती. माझा आवाज येतोय याचा अर्थ एवढाच होता की डबा चालू आहे. डबा ठणठणीत राहतो, माणूस राहतोच असं नाही. हे मी दुकानात पारखलं नव्हतं.

मग डब्यातल्या मी मधेच विचारलं, "जेवलीस का, माय?"

आणि तुरीतून मायचा आवाज आला, "जेवते की. भाकर सोडली आत्ताच."

माझे डोळे गच्च मिटले गेले.

"तू जेवलीस का?" मायनं विचारलं.

डबा त्याच्या तालात हुकांबद्दल बोलत राहिला. मायनं जरा मोठ्यानं, काळजीनं पुन्हा विचारलं, "पोरी, तू जेवलीस का?"

"न्हाई!" मी बांधावरून जीव तोडून ओरडले. "न्हाई जेवले, माय!"