हळदीला लावलेली कॅसेट

माझी आत्या धवलारीण होती. जूचंद्रला आमच्या आगरी घरांत लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालायचे. हळदीला ती आधी गाऊन देवांना बोलवायची, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ते सगळे मांडवात आले असं धरूनच नवरीला हळद लागायची.

माझं लग्न नव्वदीच्या शेवटाचं. हळदीला वडिलांनी लोकगीतं गोळा करणाऱ्या एका सरांना बोलावलं होतं. ते टेपरेकॉर्डर घेऊन थेट माझ्या पाटाशेजारी बसले. गाता गाता आत्याने माझ्या आईचं नाव घेतलं. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि सर म्हणाले, "थांबा मावशी, मागे स्वयंपाकघरात मिक्सर लागला, टेपमध्ये आवाज आला. पहिल्यापासून घ्या."

आत्या म्हणाली, "मानसा मांडवान आलीत. त्याना परत जा सांगू काय?"

सर नुसते हसले. वडील मात्र ओशाळले. "बाय, सर एवरे लांबशी आलेत. बोल ना परत."

सख्ख्या भावाने चारचौघांत असं म्हटल्यावर ती काय करणार? ती पुन्हा गायली. एका मिक्सरपायी माझ्या आईला मांडवातून परत पाठवून पुन्हा बोलावलं, आणि मी हळदीची वाट बघत पाटावर बसून राहिले.

पुढे कॅसेट निघाली. वर सरांचं नाव ठळक, आत्याचं कुठेच नाही. तरी वडिलांनी ती शोकेसमध्ये मांडली.

काही वर्षांनी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. आत्या नवं लुगडं नेसून सकाळीच आली. वडील तिला म्हणाले, "बाय, तू खुर्चीवर बस आरामान. आता कॅसेट हाय." आणि स्पीकरवर कॅसेट लावली. पाटावर माझी बहीण, आणि गाण्यात नवरी म्हणून नाव माझं. बायका हसायला लागल्या. आत्या मान खाली घालून स्वतःचाच आवाज ऐकत होती.

मी उठले आणि प्लग उपटला.

"आत्या, तू म्हण."

"आता नाय," ती म्हणाली. "त्याचा तोंड बंद केलास म्हनून माझा उघरल काय?"

तिने बहिणीच्या गालांना हळद लावली आणि न जेवता निघून गेली. बाकीची हळद सिनेमाच्या गाण्यांवर उरकली.

बहीण अजून म्हणते, "माझी हळद तू नासवलीस." कुणी नासवली ते मी तिला प्रत्येक वेळी सांगते, आवाज चढवूनच सांगते. आत्या आमच्या घरात पुन्हा कधी गायली नाही. शेजारच्या मांडवांत गायची. मी माहेरी आले की ऐकायला जायचे. तेवढा वेळ वडील घरात टीव्हीचा आवाज मोठा करून बसत.