आठ डबे आत, अकरा बाटल्या बाहेर

"बंद कर! अगं, इंजिन बंद कर!"

मी गाडीच्या पुढ्यात पालथा पडून बोंबलत होतो. हातात पारदर्शक नळी, नळीखाली नववी बाटली, आणि तीही गळ्यापर्यंत आलेली.

आतून बायकोचा आवाज आला, "बंदच आहे!"

"मग हे येतंय कुठून?"

सुनंदा दार उघडून लंगडत पुढे आली आणि तिने चावी माझ्या नाकासमोर धरली. इंजिन खरंच बंद होतं. तेल मात्र येतच होतं...

थांबा, नीट सांगतो. मला ओळखणारे दोघे-तिघे इथे असतील, ते आत्तापासूनच हसत असतील. मान्य. मी कोल्हापूरचा, त्यात जन्म विम्याच्या नोकरीत गेलेला, माझ्या किश्श्यांत तिखट जरा जास्तच पडतं. पण भूत, करणी, अंगात येणं असल्या भानगडी मी कधी मानल्या नाहीत, अजूनही मानत नाही. आणि या एका प्रकरणात मी उलट कमी करूनच सांगतोय.

साल २००६, मार्च महिना. बदलीमुळे आम्ही जयपूरला, खातीपुऱ्यात भाड्याने राहत होतो. सुनंदा गोपालपुऱ्याच्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवायची. अपघातात तिचा डावा गुडघा कायमचा आखडलेला, त्यामुळे क्लच दाबणं अशक्य. तीन वर्षं एक तर मी सोडायचो, नाही तर ती रिक्षाची वाट बघत उन्हात उभी. मग जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एका रिटायर्ड साहेबांकडून जुनी ऑटोमॅटिक गाडी मिळाली. क्लचची भानगडच नाही! बाई चाळिशीत गाडी शिकली, आणि महिन्याभरात मला शेजारी बसवून "ब्रेक मारू का?" असं न विचारता मारायला लागली.

दीड वर्षाने गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन विमानासारखं गरजायचं आणि गाडी मुंगीच्या मागून सरकायची. मिस्त्रीने बोनेट उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "ऑटोमॅटिक है साहब, इसको यहाँ कोई हाथ नहीं लगाएगा. कबाड़ में दे दो."  रात्री जेवताना सुनंदा एवढंच म्हणाली, की गाडी गेली तर क्लासही सोडते. पुन्हा कुणाची वाट बघत उभं राहणं आता व्हायचं नाही.

मग मीच कंबर कसली. सायबर कॅफेत बसून परदेशातल्या लोकांनी घरच्या अंगणात गिअरबॉक्सचं तेल कसं बदललं, त्याची एवढी पानं छापून आणली की कॅफेवाल्याची शाई संपली. पद्धत साधी. हे तेल गार व्हायला रेडिएटरकडे जातं आणि परत येतं. परतीचा पाइप काढायचा, तिथे नळी लावून बाटलीत सोडायची. इंजिन चालू केलं की आतला पंप जुनं तेल बाहेर ढकलतो. एक लिटर आलं की इंजिन बंद, वरून एक लिटर नवीन. असं करत लाल स्वच्छ तेल येईपर्यंत. तेल जयपुरात मिळेना, दिल्लीहून लिटरचे आठ डबे मागवले. नववा हवा असता तर पंधरा दिवस थांबावं लागलं असतं, आणि तेल कमी पडलं तर गिअरबॉक्स जागच्या जागी खलास.

रविवारी सकाळी सुरुवात केली. लिटरच्या बारा रिकाम्या बाटल्या सुनंदाने होस्टेलच्या पोरींकडून आणलेल्या. ती स्टिअरिंगवर, मांडीवर वही, बाटली भरली की एक रेघ. उन्हाने पाना इतका तापला होता की मी सांडशीने धरत होतो. शेजारचे शेखावतजी चहाचा कप घेऊन भिंतीवरून बघत होते. लाल तेल यायला लागल्यावर म्हणाले, "पाटीलजी, बस करो, बेचारी में कुछ खून तो रहने दो."

पहिली बाटली काळीकुट्ट, जळक्या वासाची. पाचवी तपकिरी. आठवी डाळिंबाच्या रसासारखी. आठ बाहेर, आठ आत, डबे संपले. इथेच पाइप जोडून टाकायचा होता. पण मला शहाणपण सुचलं... नळीत एक काळा ठिपका दिसत होता, म्हटलं क्षणभर चालू कर, तेवढा जाऊ दे.

तेल सुरू झालं ते थांबेचना. इंजिन बंद, चावी बाहेर. नववी भरली, दहावी लावली. अंगठा दाबला तर बाजूने पिचकारी. नळी डोक्यावर धरली, तर तेल नळीतून वर चढून माझ्या शर्टात! अकरावी काठोकाठ भरली आणि धार आपोआप तुटली. बारावी कोरडीच राहिली.

मी खालीच बसलो. तीन लिटर तेल गेलं, म्हणजे गाडी गेली, म्हणजे तिचा क्लास गेला... तोही माझ्या एका ठिपक्यापायी. पाइप जोडला, तेलाची मापपट्टी काढली.

तेल वरच्या खुणेवर, म्हणजे पूर्ण भरलेलं. पुसून पुन्हा घातली. खुणेवर. इंजिन चालू करून पाहिलं, तरी खुणेवर! आधीच जादा भरलेलं असेल म्हणाल, तर तेही नाही... आदल्या दिवशी मीच बघितलं होतं, उलट बोटभर कमी होतं.

सुनंदाने गिअर टाकला. गाडी लोण्यावरून घसरल्यासारखी फाटकाबाहेर गेली, स्टेशनपर्यंत जाऊन आली.

आणि मला कुणी हिंग लावून विचारेना! शेखावतजी म्हणाले, गाडी चालतेय ना, मग झालं. मिस्त्रीपुढे अकरावी बाटली आदळली, तर हुंगून म्हणतो, "तेल है." गाडी पुढे सहा वर्षं चालली. मी इंजिनिअरांना विचारलं, प्राध्यापकांना विचारलं, सगळे माझ्याकडे बघून हसले. उत्तर आजतागायत नाही.

सोमवारी सकाळी मी आठ डबे आणि अकरा बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या, सुनंदाची वही उघडून ठेवली, आणि म्हटलं, तू गणिताची बाई आहेस ना, सोडव.

तिने बाटल्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "तुमचं मोजायला चुकलं असेल."

"मोजत तू होतीस."

एकोणीस वर्षांच्या संसारात जे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं, ते तिने पर्स उचलता उचलता म्हटलं.

"मग माझं चुकलं असेल. चावी द्या, साडेआठचा तास आहे."