मुंडावळ्या बांधलेला कटला

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा, मग सांगते. मी एका माशाला मुंडावळ्या बांधल्या. होय, माशाला! जिवंत, पाण्यातल्या! तेही माझ्या स्वतःच्या मुंडावळ्या अजून कपाटात ताज्या असताना, आणि सासरच्या अख्ख्या आळीसमोर.

आता हे घडलं कसं?

माझं माहेर नारपोलीत. घराच्या भिंतीला भिंत लावून कापडाच्या लूमचा कारखाना, दिवसरात्र खडखडाट. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं. पप्पा जन्मभर लूमवर, त्यामुळे ते चहात साखर मागतात ती समोरच्या चाळीलाही ऐकू जाते. मला ओरडायचा कंटाळा, म्हणून मी बोलणंच सोडून दिलं. सोपं पडलं.

सासर दापोड्याच्या बाजूला. गोदामांच्या रांगा संपल्या की आमचं गाव, आणि गावामागे तळं. सासरे, म्हणजे बाबा, तळ्याचे जुने गळवाले. गळ टाकून तासन्‌तास बसणारा माणूस किती बोलणार? लग्नानंतर आमच्या दोघांत झालेलं सगळं संभाषण एका ओळीत मावेल.

"बाबा, चहा."

"हां."

झालं! माझं आणि त्यांचं उत्तम जमलंय असं मला वाटायचं. सासूबाईंना वाटायचं, आमचं भांडण आहे.

अशात पप्पांचं व्याही म्हणून पहिलं जेवण ठरलं, रविवारचं. लग्नात पप्पा बाबांशी मोठमोठ्यानं बोलत राहिले होते आणि बाबा मांडवाच्या खांबाकडे बघत राहिले होते. तेव्हापासून पप्पांच्या मनात एकच, "तुझ्या सासऱ्याला मी आवडलो नाय वाटतं." माझा जीव त्या जेवणात अडकला होता. एक जेवण नीट पार पडू दे, एवढंच मागणं!

आणि बाबांनी जाहीर केलं, "मच्छी मी आनीन. तल्यातली. बाजारची न्हाय."

"मंग मी वरण जरा जास्तच लावते," सासूबाई म्हणाल्या.

बाबांचे कान लाल झाले.

शनिवारी सकाळी ओटीवर सगळा संसार मांडला गेला. रॉड, रीळ, शिशाचे गोळे, छोटे-मोठे गळ, तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीची, भेंडोळी. चाऱ्यासाठी भाजलेल्या चण्याचं पीठ, पाव, शेंगदाण्याची पेंड आणि भरपूर बडीशेप. "पावन्यांना कवा बडीशेप विचारली न्हाय यांनी, माशांना बगा!" हे स्वयंपाकघरातून. बाबा प्रत्येक गळ अंगठ्याच्या नखावर घासून बघत होते. नखावर अडकला तर धारदार, घसरला तर बाद. मी दारात उभी राहून बघत होते. बघायला मला आवडतं, त्याला ओरडावं लागत नाही.

कटला माशासाठी मांडणी वेगळी असते हे मला तेव्हा कळलं. चाऱ्याचा एक गोळा, आणि भोवती तंगुसाचे आखूड तुकडे, प्रत्येकाला एकेक गळ. कटला चावत नाही म्हणे, चारा ओढून घेतो आणि चारा खाता खाता गळही गिळतो. ते आखूड तुकडे मुख्य दोरीला जोडायचे, हीच खरी करामत. आणि बाबांच्या चष्म्यावर आदल्याच दिवशी सासूबाई बसल्या होत्या! बिचारे तंगुसाचं टोक हवेत टोचत होते.

मी पुढे झाले. दोन्ही टोकं घेतली. चिमटीत धरली, एक वळसा, एक ओढ. झाली गाठ.

विणकराची गाठ हो! लूमवर ताण्याचा धागा तुटला की मारतात ती. कांड्या भरता भरता शिकलेली, डोळे मिटूनही मारते मी. बाबांनी ओढून बघितली. हलली नाही.

"थुंकी लाव तिला. मंग ओढ," बाबा म्हणाले. "तंगूस सुका ओढाचा नस्तो."

आता तुम्हीच सांगा! नवी सून, डोक्यावर पदर, समोर सासरा, आणि मी थुंकी लावू? मी नुसतं तोंडाजवळ नेल्यासारखं केलं आणि कोरडीच आवळली.

"ब्येस," बाबा म्हणाले.

ब्येस! लग्नानंतरचं पहिलं कौतुक! माझ्या डोक्यात जी हवा शिरली म्हणता!

बाबा उठून सरळ काशीनाथकाकांच्या ओट्यावर गेले. जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण थोड्या वेळात काका हिरवा तंगूस घेऊन हजर. मागोमाग दामूशेठ, दोन गोदामांचे मालक, पण तळ्यावर सगळ्यांसारखेच उकिडवे बसणारे. त्यांचा तंगूस गुलाबी. बाबांचा पिवळा. तिघं बालमित्र, तिघांत जन्माची चुरस.

"सूनबाय, आमचापन बांध गो जरा," दामूशेठ म्हणाले.

"चष्मा हाय ना तुला, दाम्या?"

"हाय. पन तुझी सून मना न्हाय!"

मी बांधत सुटले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण बाबांच्या पेटीत आधीचे बांधलेले गळ दिसले. त्यांच्या गाठी बघून मला कसंसंच झालं. सहा-सात फेऱ्यांची ही जाड बोंडं! आमच्याकडे लूमवर अशी गाठ फणीत अडकते, कापडाला डाग पडतो, मालक डोकं खातो. दिसली ती गाठच नव्हे, हे पप्पांनी मला लहानपणीच शिकवलेलं. मग काय! बाबा जेवायला बसले तेव्हा मी कात्री घेतली, त्यांच्या सगळ्या जुन्या गाठी कापल्या आणि माझ्या नाजूक, देखण्या गाठी मारून ठेवल्या. सरप्राइज!

रविवारी सकाळी तळ्यावर तिघांचे रॉड ओळीत रोवलेले, प्रत्येकाच्या टोकाला घुंगरू. मासा लागला की वाजायचं. आमचे हे, नितीन, तेही आले होते. त्यांचा गोदामात डिस्पॅच, रविवारची सुट्टी. गोठ्याच्या भिंतीवरचा त्यांचा लहानपणचा रॉड, घुंगरासकट, काढून आणला होता. तो पायाच्या अंगठ्यात अडकवून ते मोबाइल बघत होते. मी चहाची किटली घेऊन गेले ती तिथेच रेंगाळले. माझ्या गाठींचा मान बघायला नको?

छुन्‌ छुन्‌!

काशीनाथकाकांनी झटका दिला. रॉड वाकला, रीळ किरकिरलं, काका ओरडले, "मोठा हाय, मोठा हाय!" आणि फट्‌. दोरी हलकी. गळ गायब.

"दात मारला त्यानं," काका म्हणाले.

छुन्‌! दामूशेठ. वाकला, किरकिरलं, फट्‌.

"तंगूस जुना हाय तुझा," बाबा खुशीत म्हणाले.

छुन्‌! बाबा. फट्‌.

मग बाबा नवा गळ लावत, पुन्हा फट्‌. कधी म्हणे पाणी गढूळ, कधी म्हणे बडीशेप जास्त झाली. तळ्यातल्या माशांनी एवढी मजा कधी केली नसेल! फुकट चारा, वर दागिना.

आणि नेमके तेव्हाच पप्पा आले. रिक्षातून उतरले ते बांधावरूनच, "काय व्याही! कसं काय! लागला का मासाऽऽऽ?"

झाडावरचे बगळे उडाले.

"घ्या," दामूशेठ कुजबुजले. "आता काय मासा लागतोय! पार तळ गाठला असंल माशांनी."

"सकालपासून असाच आवाज येत व्हता वाटतं रस्त्यावरून, म्हनून मासे सुटत व्हते," काशीनाथकाका म्हणाले. आणि ते पप्पांनी ऐकलं.

पप्पा गप्प झाले. माझे पप्पा! गप्प! हातातली मिठाईची पिशवी दोन्ही हातांनी धरून बांधावर बसले, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. बाबाही काही बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत, पण पप्पांना ते कसं कळणार? झालं, माझं एक जेवण बुडालं.

मी मान खाली घातली, तर पायाशी बाबांची सुटलेली दोरी पडलेली. टोक उचललं. तुटलेलं नव्हतंच ते! डुकराच्या शेपटीसारखं गोल गोल कुरळं झालेलं. कापसाचा धागा धाग्याला धरून ठेवतो. आणि हा नायलॉनचा तंगूस? ओला झाला की साबण लावल्यासारखा! माझी नाजूक गाठ पाण्यात सुळ्ळकन सरकून सुटत होती. प्रत्येक वेळी. सगळ्यांची.

पलीकडे पप्पा मिठाईच्या पिशवीची नाडी उगाच सोडत-बांधत होते.

मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, नारपोलीच्या मुलीला शोभेल अशा आवाजात.

"गाठ माझी सुटतेय, बाबा! पप्पांचा काही संबंध नाही! तुमच्या जुन्या गाठीपण मीच कापल्या!"

नितीनच्या हातातला मोबाइल चिखलात.

आणि छुन्‌ छुन्‌ छुन्‌ छुन्‌!

नितीनचा रॉड! अंगठा ओढला जाऊन ते बसल्या जागेवरून पाण्याकडे घसरायला लागले. "बाबा! बाबा! पाय!" त्या रॉडला बाबांनी कधीकाळी मारलेलं जाड बोंड होतं. गोठ्यात होता म्हणून माझ्या कात्रीतून वाचलेला! बाबांनी झडप घालून रॉड धरला.

"सोडा, ढील द्या! अब खींचो! आरामसे!" पप्पा मिठाई टाकून उभे राहिले होते. ढील केव्हा द्यायची आणि ताण केव्हा धरायचा, हे लूमवाल्याला कोणी शिकवायचं? आणि बाबा चक्क ऐकत होते!

शेवटी झोळी खाली घालून पप्पांनीच माशाला वर काढलं. हा एवढा कटला! (हात जरा लांब करतेय, करू द्या.) आणि त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते तंगुसाचे तुकडे. हिरवा, गुलाबी, पिवळा. हुबेहूब मुंडावळ्या!

"हा माझा हाय! हिरवा बग!"

"गुलाबी कोनाचा? पयला मी धरलेला!"

"तुमी धरला न्हाय, तुमी जेवाला घातलंत," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "समद्या गाठी सूनबायच्या. मासा तिचा."

एवढं मोठं भाषण ऐकून काशीनाथकाका खालीच बसले.

जेवण? अहो, काय जेवण झालं! मासा माझा म्हणून साफही मलाच करावा लागला आणि खवले नाकापर्यंत उडाले, ते सोडा. पप्पा ओरडत होते, बाबा "हां, हां" करत होते, आणि दोघंही रस्सा ओरपत होते. कोणाला ऐकू येण्याची अडचण नव्हती, कोणाला बोलण्याची.

हात धुताना बाबा एकदम थांबले. चेहरा गंभीर.

"व्याही, एक विचारू? लग्नात शेल्याची गाठ हिनं न्हाय ना मारली?"

"छे, छे! करवलीनं मारली!" पप्पा दणक्यात म्हणाले.

"मंग बरं. पोरगा सुटाचा न्हाय."

अख्खं घर हसलं. सासूबाई तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. नितीनही हसले, आणि मीही.

मी फक्त एक सांगितलं नाही. सप्तपदीच्या वेळी करवलीची ती गाठ सैल होऊन सुटायला आली होती. सगळे अक्षता गोळा करण्यात गुंतलेले. म्हणून मी हळूच, पदराआडून, पुन्हा मारली. नाजूक, देखणी, कोणाला दिसणार नाही अशी.

आता तो शेला सुती होता की नायलॉनचा, तेवढं एकदा कपाट उघडून बघायचंय.