क्लच सोडला, सर

आमच्या मिस्त्रींना गाडी सुरू करून दाखवलेली चालत नाही. गिऱ्हाइकानं आधी आवाज तोंडानं काढायचा, हा त्यांच्या गॅरेजचा कायदा. मी शाळेत मराठी शिकवतो. चारचौघांत घुरघुरायची सवय नाही. पण परवा गिअरबॉक्स ओरडायला लागला, तेव्हा शेजारच्या चहाच्या टपरीवाल्यादेखत मी कसंबसं "घुंईं" केलं.

"पोटातून काढा सर, शरमू नका." मिस्त्रींनी डोळे मिटले. "गाडी न्यूट्रलला हाय. आता क्लच दाबला."

मी गप्प झालो.

"सोडला."

"घुंईंईं!"

"दाबला... सोडला."

"घुंईंईं!" टपरीवाला हसून बेजार.

"बस! दाबला की गप, सोडला की बोंब. बेरिंग गेलंय."

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला, तर खरंच बेरिंग. ते कानाशी फिरवून मिस्त्री लहान पोरासारखे खूश झाले. "ऐका सर, हुबेहूब तुमचाच आवाज! लई भारी काढला होता."

नवीन बेरिंग बसवून निघालो, तर गाडी इतकी गप्प की करमेना. जालना रोडच्या सिग्नलला मी न्यूट्रल केलं, काचा वर घेतल्या, क्लच सोडला आणि पोटातून काढला, "घुंईंईं!"