दुबईहून आलेली लूना आज कशी जेवली

मित्रहो, दुबईच्या एका प्राणी निवाऱ्यातून आम्ही दत्तक घेतलेली कुत्री लूना परवा नागपुरात आमच्या घरी पोहोचली. आल्याबरोबर दिवाणाखाली शिरली. पाणी प्यायची, पण अन्नाला तोंड लावेना. डॉक्टर म्हणाले, आज खाल्लं नाही तर सलाईन लावावं लागेल.

दुपारी मी स्वतः दुधात ज्वारीची भाकर कुस्करली. गुठळी एकही नाही. आम्ही तिघं ताटलीसमोर बसलो. मुलगी व्हिडिओ घेत होती, बायको विनवत होती, "खा नं वं माय!"

मला एकदम लहानपणीचं, काटोलच्या घराचं अंगण आठवलं. बाबा शेतातून आले की आधी कुत्र्याला भाकर टाकायचे आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचे. मी पाहत उभा राहिलो की म्हणायचे, "काहून पाहून राहिला रे? खाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये."

"सगळे भिंतीकडे तोंड करा," मी म्हणालो.

"आता तुमाले काय झालं?" बायको हसली, पण वळली. मुलीनेही मोबाईल ठेवला.

बऱ्याच वेळाने मागून लपलप आवाज आला. बायकोने माझा हात घट्ट धरला. वळून पाहायचा फार मोह झाला, पण कोणीच पाहिलं नाही.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या घरी ही शिस्त कोण लावायचं?