आत्याला थंडी वाजत होती

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवणारी माणसं वेगळी. आत्या भिंगं घासायची. आजोबा गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि माझे बाबा अकरा. तिनं शाळा सोडली ती थेट त्या खोलीत जाऊन बसली, आणि पुढची चौतीस वर्षं तिथंच बसली. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. टेबलावर फिरणारं चाक, चाकावर थेंबाथेंबानं पडणारं पाणी आणि त्याला भिंगाची कड लावून बसलेली आत्या. पुढे आपोआप घासणारं यंत्र आलं, तरी शेवटचा हात तिचाच. कड नीट झाली की नाही ते ती डोळ्यांनी बघायचीच नाही, कडेवरून बोटाचं पेर फिरवायची. दुकानाचे मालक म्हणायचे, "बाईंच्या बोटाखालून गेलेलं भिंग परत आलेलं मी पाहिलं नाही."

लग्न केलं नाही. बाबांचं शिक्षण, मग बाबांचं लग्न, मग मी. माझी आई आणि आत्या यांचं फारसं सख्य नव्हतं, पण भांडणही कधी झालं नाही. आत्या भांडायचीच नाही. दाढ दुखली तरी गाल सुजेपर्यंत तिच्या तोंडातून ब्र निघायचा नाही. आई वैतागून म्हणायची, "वन्सं, तुम्हाला साप चावला तरी तुम्ही सापाचीच माफी मागाल."

चाळिशीत मात्र हिनं सगळ्यांना चकित केलं. दुकानात एक गिर्यारोहक बर्फात वापरायचा काळा चष्मा करून घ्यायला आला होता. त्याला माप पसंत पडेना, म्हणून आत्याला पुढे बोलावलं. काम झाल्यावर हिनं सहज विचारलं, "एवढ्या वरून दिसतं तरी काय?" तो म्हणाला, "चला आणि बघा." दुसऱ्या कुणीही ते हसून सोडून दिलं असतं. आत्या खरंच गेली. त्या वर्षापासून दरवर्षी आठ दिवसांची रजा आणि डोंगर. बाबा चिडवायचे, "आमच्या ताईच्या पायाला या वयात भिंगरी लागलीय." आत्या हसायची आणि बुटांना तेल चोळत बसायची.

मी तिच्याबरोबर गेले ती एकदाच. मी तेवीस वर्षांची होते. एकाच परीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन घरात तोंड लपवून बसले होते. आत्यानं माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "ऊठ. तिथं कुणी मार्क विचारत नाही."

चार दिवसांची वाट होती. रात्री दगडी निवाऱ्यांत मुक्काम, तिसऱ्या दिवशी मोठी खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. आम्ही सात जण आणि एक वाटाड्या. वाटाड्या पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याचा नियम होता, रोज सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकासमोर उभं राहून विचारायचं, "काही दुखतंय? काही होतंय?" आजारी माणूस दिसला की तो सगळ्यांना घेऊन परत फिरतो, असं त्याच्याबद्दल सांगत. दोन वर्षांपूर्वी याच वाटेवर एकाच्या नुसत्या पोटदुखीपायी तो परतला होता आणि आत्याची ही खिंड हुकली होती.

पहिले दोन दिवस झकास गेले. आत्या माझ्यापुढे चालायची, ठरावीक लयीत, एकदाही न थांबता. घरातली आत्या आणि ही आत्या, यांची एकमेकींशी ओळखही नसावी असं वाटलं. ती बडबड करत होती, चक्क गात होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवाऱ्यावर पोचलो. ऊन अजून होतं, आणि आत्या जाकीट घालून, वर माझी शाल घेऊन भिंतीला टेकून बसली होती. दात वाजत होते.

"आत्या, काय झालं गं?"

"थंडी भरलीय जरा. घाम आला होता, त्यावर वारं लागलं." मग तिनं माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस हं. उगाच सगळ्यांना परत फिरवेल."

"पण..."

"एक गोळी घेते आणि झोपते. शब्द दे."

मी दिला. आयुष्यभर तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदाच मागत होती.

सकाळी ती म्हणाली की बरं वाटतंय. चेहरा राखेसारखा होता. पिशवीचा पट्टा कमरेला लावताना तिला त्याचा खटका बसवता येईना. मी पुढे होऊन बसवून दिला. तिचे हात हातात आले तर बर्फाचे गोळे. कपाळ मात्र तापलेलं. पिंढऱ्या फार दुखतात म्हणाली, चढामुळे असेल. तेवढ्यात वाटाड्या समोर येऊन उभा राहिला. "काही दुखतंय? काही होतंय?"

"छे," आत्या म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून उभी राहिले.

तीन तासांनी, खिंड डोळ्यांसमोर दिसत असताना, आत्या वाटेतच खाली बसली आणि ओकली. मी पाणी द्यायला वाकले तर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाळू, दप्तर भरलंस का?" बाळू म्हणजे माझे बाबा.

वाटाड्या मागे धावत आला. तिच्या कपाळाला हात लावला, मग हातांना. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पिंढरीवर जांभळे ठिपके होते, शाईचे शिंतोडे उडावेत तसे. आमच्यातला एक निवृत्त कॅशियर होता, त्याचा फोन त्या टेकाडावर कसाबसा लागत होता. त्यावरून वाटाड्यानं पायथ्याच्या गावातल्या डॉक्टरला गाठलं. डॉक्टरनं तिकडून विचारलं, "काच आहे का? पारदर्शक काच. ठिपक्यांवर दाबून धरा. ते पुसट होतात का सांगा."

आमच्याकडे सगळी भांडी स्टीलची. शेवटी मीच आत्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. सगळं जग प्लास्टिककडे गेलं तरी ती स्वतःसाठी अजून काचेचीच भिंगं वापरायची. वाटाड्यानं भिंग ठिपक्यांवर दाबलं. काचेखाली ते तसेच जांभळे दिसत राहिले.

"नाही होत पुसट," तो फोनमध्ये म्हणाला.

मग डॉक्टर म्हणाला, "रक्तात विष पसरतंय. कसंही करून खाली आणा. मी गाडी घेऊन रस्त्याच्या टोकाला येतो." एव्हाना धुकं उतरलं होतं, हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता. बाजूच्या ओढ्यानं सरळ खाली उतरलं तर रस्ता साडेचार तासांवर. तेही मोकळ्या हातांनी.

चालायच्या काठ्या आणि दोन जाकिटं यांची झोळी केली. चौघं उचलत, दोघं हात बदलायला. घसरणीवर तिला पाठीशी बांधून एकट्या वाटाड्यानंच उतरवलं. ती मधेच कण्हायची, मधेच अगदी गप्प व्हायची, आणि गप्प झाली की सगळे थांबून तिचा श्वास बघायचे. ठिपके मोठे होत होते. दुपारी तिच्या बोटांची टोकं निळसर झालेली मी पाहिली आणि माझ्याच्यानं राहवेना. मी वाटाड्याला गाठून म्हणाले, "काल संध्याकाळपासूनच तिला थंडी वाजत होती. मला माहीत होतं."

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यावर. एक हिशेब चालला असावा, काल संध्याकाळी निघालो असतो तर कुठे असतो, असा. मग म्हणाला, "आत्ता पाय उचल."

डॉक्टर शब्दाप्रमाणे रस्त्यावर उभा होता. इंजेक्शन तिथंच, गाडीच्या मागच्या सीटवर दिलं. शहरातल्या इस्पितळात पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. आम्हा सगळ्यांनाही गोळ्या दिल्या, कारण हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. माझ्या तळहातावर नर्सनं गोळी ठेवली तेव्हा वाटेतून केलेला फोन मिळताच निघालेले आईबाबा धावत आत आले. त्याच वेळी तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्रास नक्की सुरू कधी झाला?"

बाबा माझ्या शेजारी उभे होते, धापा टाकत.

"सकाळी," मी म्हणाले.

त्या खोट्यानं उपचारात काही फरक पडला नाही. मी नंतर डॉक्टरीणबाईंना एकट्यात गाठून खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि कागदावरची वेळ बदलली. पण बाबांना सांगितलं नाही ते नाहीच.

आत्या अकरा दिवस बेशुद्ध होती. जगली. मात्र बोटं काळी पडली होती, आगीतून काढलेल्या काटक्यांसारखी, आणि डॉक्टरांनी वाट बघून बघून शेवटी ती काढली. दोन्ही अंगठे राहिले, डाव्या करंगळीचं एक पेर राहिलं. पायांची सगळी बोटं गेली, उजवं पाऊल अर्धं गेलं. शुद्धीवर आल्यावर तिनं पट्ट्यांत गुंडाळलेले हात बराच वेळ तोंडासमोर धरले. आई रडू लागली. आत्या तिला म्हणाली, "रडू नका वहिनी, नाक कोण पुसणार तुमचं?" आईला हसू आलं आणि मग ती आणखीच रडली.

सहा महिन्यांनी मालकांनी तिला परत बोलावलं. काउंटरवर बसा, गिऱ्हाइकांशी बोला, म्हणाले. तीन आठवडे गेली. एक बाई फ्रेम घ्यायला पुढे वाकली, तिचे हात दिसताच बिचकली आणि सॉरी म्हणत फ्रेम न घेताच बाहेर पडली. आत्या दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

बाबांनी सगळा दोष वाटाड्यावर टाकला. येईल त्याला सांगायचे, "माणसाचा ताप ज्याला ओळखता येत नाही, तो कसला वाटाड्या? रोज विचारतो म्हणे!" मी समोर बसून ऐकायची. आत्याही ऐकायची आणि काही बोलायची नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी तो दारात आला. हातात पिशवी, बूट बाहेर काढलेले. बाबांनी त्याला ओळखलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "आता आलात होय? तेव्हा डोळे फुटले होते तुमचे?"

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"विचारलं होतंत ना तिला?"

"विचारलं होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नुसतं विचारून भागत नाही. नीट बघायला हवं होतं मी."

"तुमच्यामुळे माझ्या बहिणीचे..."

"बाबा, पुरे," मी म्हणाले. "त्यांना काही बोलू नका. तिला आदल्या दिवशीच ताप होता. मला माहीत होतं. मी लपवलं."

आतल्या खोलीतून आत्याच्या खास बुटांचा आवाज आला, एक जड आणि एक हलका. ती दाराशी येऊन उभी राहिली. "मीच सांगितलं होतं तिला लपवायला."

"तू तापात होतीस, ताई," बाबा म्हणाले. "ही नव्हती."

ते उठून बाहेर गेले. वाटाड्याला आत्यानं बसवून घेतलं. पिशवीत तिची डोंगरावर राहिलेली शाल होती, म्हणजे माझीच, धुऊन घडी घातलेली.

तो गेल्यावर मी आत्याला विचारलं, "माझा राग येतो का गं तुला?"

"पट्टा लावताना तू माझे हात धरलेस ना," ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, आता ही सांगणार. मला सुटल्यासारखं झालं होतं." खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाली, "मग तू नाही सांगितलंस."

एवढंच. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही, मीही नाही.

बाबा माझ्याशी चार महिने बोलले नाहीत. बोलले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "मोरीतला नळ गळतोय, प्लंबरला फोन कर." मी केला. त्यानंतर घर पहिल्यासारखं चालू झालं, म्हणजे वरून बघणाऱ्याला तसं वाटावं इतपत. मी परीक्षा पुन्हा दिली आणि पास झाले. त्याचा आनंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

वाटाड्या अजून वर्षातून दोनदा येतो. आत्या त्याला विचारते, कोणत्या निवाऱ्याचं छप्पर उडालं, कुठली पायवाट ढासळली, आणि तो वहीत काढून दाखवतो. ती दोन अंगठ्यांमध्ये पेन्सिल धरून एखादी रेघ दुरुस्त करते. मी चहा ठेवून निघायला लागले की ती म्हणते, "बस की." मी बसते.